डोळ्यात फूल पडण्याआधी

ताईंनो, ऊसतोड, सोयाबीनची काढणी, भाताची मळणी सुरू झाली की लहान पोरंही आपल्यामागे शेतात असतात. उसाचं पान डोळ्याला लागतं, नाहीतर कुसळ जातं. पोर रडतं, डोळा चोळतं. संध्याकाळी डोळा लाल दिसतो. आपण म्हणतो, होईल सकाळपर्यंत बरा.

पण डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखा पडदा असतो. त्याला ओरखडा उठला की पानावरचे, मातीतले जंतू किंवा बुरशी आत शिरते आणि जखम चिघळते. हे साधे डोळे येणं नव्हे. डोळे आले की बहुधा दोन्ही चिकटतात, पण नजर शाबूत असते. इथे एकच डोळा ठणकतो, पाणी येतं, मूल उजेडाकडे बघत नाही, अंधुक दिसतं म्हणतं. काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी निघायचं.

वेळेला किती किंमत आहे बघा. नेपाळमध्ये भक्तपूरला गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी असा ओरखडा झालेल्या ४४२ जणांना जंतुनाशक मलम दिलं, दिवसातून तीनदा, तीन दिवस. १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकाचीही जखम चिघळली नाही. एक दिवस उलटल्यावर, दुसऱ्या दिवसात आलेल्यांपैकी मात्र चौथ्या हिश्शाहून जास्त जणांची चिघळली.

म्हणून आधी स्वच्छ पिण्याच्या पाण्याने डोळा धुवा आणि आरोग्य केंद्र गाठा. जिभेने कुसळ काढणं, अंगावरचं दूध, मध, एरंडेल, काजळ यातलं काही नको. डोळा बांधूनही ठेवू नका. आणि मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब तर नकोच नको! त्यात स्टेरॉईड असलं तर लाली उतरते, पोराला बरं वाटतं, आपणही निर्धास्त होतो. आत बुरशी मात्र फोफावते. घरात कुणाची उरलेली बाटली असेल तर तीही वापरू नका.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर जखमेवरचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कारण जंतूचं औषध वेगळं, बुरशीचं वेगळं. सुरुवातीला दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. बुरशी असेल तर काही आठवडे औषध चालतं. ठणका थांबला म्हणून सोडायचं नाही.

जखम लहान आणि कडेला असेल तर नजर बहुतेक वाचते. मधोमध असेल तर बरी होऊनही पांढरा डाग राहतो, त्यालाच आपण फूल म्हणतो. पडदा फाटला तर नेत्ररोपणाची वेळ येते, आणि मुलांमध्ये ते टिकवणं मोठ्यांपेक्षा अवघड असतं. मुलांचं आणखी एक आहे. सात-आठ वर्षांपर्यंत नजर घडत असते. त्या वयात एक डोळा धूसर राहिला तर मेंदू त्याच्याकडून बघणंच सोडतो. म्हणून जखम भरल्यावरही तपासणीला न्यावं लागतं. कधी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून दुसऱ्याला कामाला लावतात; पोर कुरकुर करतं, तरी लावायची.

आता पैशाचं. कित्येक घरी रात्र जाते ती गाडीभाड्यापायी. गटाच्या अंतर्गत कर्जातून अशा वेळी बैठकीची वाट न बघता, अध्यक्ष-सचिवांच्या संमतीने लगेच रक्कम देता येईल का, हे पुढच्या बैठकीत ठरवून ठरावात लिहा. जवळचा डोळ्यांचा डॉक्टर कुठे, कोणत्या वारी बसतो, हे आशाताईंना विचारून गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवा.