आजारपणातील सवलत : हृदयाची झडप बदलल्यानंतरचे दिवस



हृदयाची झडप बदलून रुग्ण इस्पितळातून घरी येतो. घरात शुकराना अदा होतो, आणि दुसऱ्या दिवशी फज्रच्या वेळीच पहिला वाद उभा राहतो. वडील मुसल्ला अंथरायला सांगतात. मुलगा म्हणतो, "अब्बा, खुर्चीवर बसून अदा करा." वडिलांचे डोळे भरून येतात : ज्या अल्लाहने नवे आयुष्य दिले, त्याच्यासमोर आता मी खुर्चीवर बसू काय? ही भावना आदरणीय आहे. मात्र तिच्यामागील समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम शरीराची अवस्था जाणून घ्या. या शस्त्रक्रियेत बहुधा छातीच्या मधले हाड उभे कापले जाते आणि शेवटी पोलादी तारांनी बांधले जाते. ते सांधायला साधारणतः 6 ते 12 आठवडे लागतात. तोपर्यंत वजन उचलणे, हातांवर भार देऊन उठणे, जोराने ढकलणे वा ओढणे मना असते. खोकतानादेखील उशी छातीशी धरावी लागते. आता सजद्याचा विचार करा. खाली जाताना आणि वर येताना शरीराचा भार तळहातांवर येतो, आणि त्याचा ताण थेट त्या न सांधलेल्या हाडावर पडतो. हाड सरकले तर जखम चिघळू शकते आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. शिवाय रक्तदाबाच्या औषधांमुळे डोके खाली करून उठताना भोवळ येण्याचा संभव असतो.

अशा माणसाला शरीअत काय सांगते? हजरत इम्रान बिन हुसैन (र.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजविषयी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर होऊन नमाज अदा करण्यास सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. येथे बसून नमाज अदा करणे ही रुग्णाची पळवाट ठरत नाही. त्याला दिलेला आदेशच तो आहे. आणि ज्याला आपले नेहमीचे आमल सुटल्याची खंत वाटते, त्याने बुखारीतीलच दुसरी हदीस लक्षात ठेवावी : मनुष्य आजारी पडतो तेव्हा निरोगी असताना तो जे सत्कर्म करीत असे, त्याचे पुण्य त्याच्या खाती लिहिले जाते.

खुर्चीवर नमाज अदा करताना रुकूअसाठी थोडे आणि सजद्यासाठी त्याहून अधिक वाकावे. समोर उशी उचलून तिला कपाळ लावण्याची गरज नाही. क़ियामबाबत मात्र मसलकांत फरक आहे. हनफी फिक्हनुसार ज्याला जमिनीवर सजदा करणे शक्य नाही, त्याने संपूर्ण नमाज बसून इशाऱ्याने अदा केली तरी चालते. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्या मसलकात उभे राहण्याची ताकद असेल तर क़ियाम उभ्यानेच करावा लागतो. आपल्या आलिमांना विचारावे, पण विचारताना डॉक्टरांनी नेमके काय मना केले आहे तेही सांगावे. अर्धी माहिती देऊन घेतलेला फतवा अर्धाच असतो.

वुजूची चिंता पुष्कळजण विनाकारण करतात. छाती वुजूच्या अवयवांत येतच नाही. प्रश्न येतो तो गुस्लचा. जखम ओली करण्याची परवानगी नसेल तर उरलेले शरीर धुऊन पट्टीवर मसह करावा. शाफई मसलकात त्यासोबत तयम्मुमही करावा लागतो. या संदर्भात अबू दाऊदमधील एक प्रसंग मन हेलावून टाकतो. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली होती. त्याला गुस्लची गरज पडली. सोबत्यांनी सांगितले की तुला सवलत नाही. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. हे कळल्यावर प्रेषित (स.) अत्यंत संतप्त झाले, त्याच्या मृत्यूचा दोष त्यांनी त्या सोबत्यांवर ठेवला आणि माहीत नव्हते तर विचारले का नाही, असा जाब विचारला. घरातील आजाऱ्याला "एवढ्याने काही होत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग आठवावा.

औषधांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण खरा धोका येथेच आहे. कृत्रिम धातूची वा कार्बनची झडप बसवली असेल तर रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनसारखी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. ती सुटली तर झडपेवर रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. अधिक झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी. 'शिफा देणारा अल्लाह आहे, गोळी कशाला?' हा तवक्कुल नव्हे. उपचार करावा की नाही, असे ग्रामीण अरबांनी विचारले तेव्हा प्रेषित (स.) यांनी उपचार करण्यास सांगितले होते.

सुन्नतच्या प्रेमाने केलेल्या काही गोष्टी या काळात घातक ठरू शकतात. हिजामा सुन्नत आहे, परंतु रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना त्वचेला चिरा देऊन रक्त काढणे जीवावर बेतू शकते. कलौंजी, लसणाच्या गोळ्या आणि इतर जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. पालेभाजी बंद करण्याची गरज नाही, प्रमाण मात्र रोज सारखे ठेवावे. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. मिसवाकचे मात्र येथे विशेष महत्त्व आहे : तोंडातील जंतू रक्तात जाऊन नव्या झडपेला संसर्ग करू शकतात, म्हणून दात व हिरड्या स्वच्छ असाव्यात. फक्त काडी मऊ असावी, हिरड्यांतून रक्त येऊ देऊ नये. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेची माहिती द्यावी, आणि अकारण ताप आल्यास लगेच इस्पितळात जावे.

आपल्या देशात संधिवाती तापामुळे झडप खराब होणाऱ्यांत तरुण स्त्रियाही असतात. अशा सुनेवर वा मुलीवर मूल होण्याचा दबाव आणण्यापूर्वी सासरच्यांनी हे जाणून घ्यावे की वॉरफेरिन गर्भाला अपाय करू शकते. गरोदर राहण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला हवा.

रमजान आला तर रोजा सोडण्याची सवलत सूरह अल-बकरामध्ये (आयत 185) स्पष्ट आहे. क़ज़ा पुढे होईल.

आता घरच्यांविषयी. शस्त्रक्रियेनंतर कित्येक रुग्ण आठवडे-आठवडे उदास असतात, लहानसहान गोष्टीवर रडतात, त्यांना झोप लागत नाही. याला ईमानची कमजोरी म्हणणे हा अन्याय आहे. त्यांच्याजवळ बसा, रोज थोडे चालवा, आणि उदासी हटत नसेल तर डॉक्टरांना सांगा. भेटीला येणाऱ्यांनी इयादत थोडक्यात आटोपावी, दुआ करावी आणि अमुकतमुक अशाच दुखण्यात कसा गेला ही कहाणी स्वतःजवळच ठेवावी. प्रेमाने आणलेल्या बिर्याणीतील मीठ त्या हृदयाला भारी पडते. आणि ईद जवळ असेल तर मोठ्या मुलाने दारातच उभे राहावे : गळाभेट नको, मुसाफहा पुरे.

महिने सरतील. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मी जमिनीवर सजदा करू शकतो काय?" परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी घरातील कोणीतरी शेजारी उभे राहावे, गुडघे आधी टेकवावे, आणि उठताना घाई करू नये. धातूची झडप असेल तर त्या शांततेत तिची टिकटिक रुग्णाला स्वतःला ऐकू येईल.