एकाच जातीची दोन रूपे : आग्नेय आशियातील वृक्षवासी गोगलगाय

'जाती' हा शब्द आपल्या मुलांना दोन ठिकाणी भेटतो. एक, प्राणिशास्त्राच्या पुस्तकात. दुसरे, दाखल्याच्या कागदावर. शब्द एकच, पण पहिल्या ठिकाणी तो निसर्गाचे वर्णन करतो आणि दुसऱ्या ठिकाणी समाजाने आखलेल्या रेषेचे. या दोहोंत गल्लत झाली की विज्ञानही चुकते आणि माणूसही दुखावतो. म्हणून शास्त्रात 'जाती' कशी ठरवतात हे एका लहानशा प्राण्याच्या आधाराने पाहावे, असा या पाठाचा हेतू आहे. हा प्राणी आहे आग्नेय आशियातील झाडांवर राहणारी एक गोगलगाय. तिचे शास्त्रीय नाव ॲम्फिड्रोमस इन्व्हर्सस.

१. ओळख आणि अधिवास

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला गोगलगाय म्हटले की सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणारी शंखी गोगलगाय आठवते. ती मूळची आफ्रिकेची आणि जमिनीवर वावरणारी. आपली गोगलगाय मात्र वृक्षवासी आहे. ॲम्फिड्रोमस हा वंश भारताच्या ईशान्य टोकापासून म्यानमार, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया असा पसरत थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचतो. या वंशातील शंख लांबट, टोकदार आणि तकतकीत असतात. पिवळा, पांढरा, हिरवट, तपकिरी असे रंग आणि त्यांवर पट्टे यांमुळे संग्राहकांना त्यांचा मोह फार पूर्वीपासून पडत आला आहे. इन्व्हर्सस ही जाती मलेशिया व इंडोनेशियाच्या परिसरात आढळते. तिचा शंख साधारण तीन ते पाच सेंटीमीटर उंचीचा असतो.

२. वर्गीकरण आणि नावाची कथा

वर्गीकरणाच्या पायऱ्या मोठ्या गटाकडून लहान गटाकडे उतरतात. ही गोगलगाय प्राणिसृष्टीतील मृदुकाय संघात मोडते. शिंपले आणि माकूळ हे तिचे दूरचे नातलग होत. तिचा वर्ग उदरपाद, म्हणजे पोटच ज्यांचा पाय आहे असे प्राणी. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही आपली म्हण टोमणा मारण्यासाठी वापरली जाते, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती अक्षरशः खरी आहे. पुढे कॅमेनिडी हे कुल, ॲम्फिड्रोमस हा वंश आणि इन्व्हर्सस ही जाती.

डेन्मार्कचे निसर्गअभ्यासक ओ. एफ. म्युलर यांनी १७७४ मध्ये या जातीला हेलिक्स इन्व्हर्सा असे नाव दिले. त्या काळी बहुतेक सर्व गोगलगायी हेलिक्स या एकाच वंशात घालण्याची रीत होती. १८५० मध्ये जर्मन अभ्यासक आल्बर्स यांनी ॲम्फिड्रोमस हा वंश स्थापला आणि ही जाती तेथे आली. वंशाचे लॅटिन लिंग बदलल्यामुळे 'इन्व्हर्सा'चे 'इन्व्हर्सस' झाले. मूळ नाव देणाऱ्याचा मान मात्र कायम राहतो. म्हणून आजही हे नाव 'ॲम्फिड्रोमस इन्व्हर्सस (म्युलर, १७७४)' असे लिहितात. कंसाचा अर्थ असा की, जातीचा वंश नंतर बदलला आहे.

या नावांचे अर्थ लक्षात घेण्याजोगे आहेत. इन्व्हर्सस म्हणजे उलटा. याच वंशातील एका जातीला लिनियसने १७५८ मध्ये पर्व्हर्सा असे नाव दिले होते; त्याचा अर्थ तर 'वाकडा, भलतीकडे वळलेला'. जगातील बहुसंख्य गोगलगायींचे शंख उजव्या पिळाचे असतात. डाव्या पिळाचा शंख हाती आला तेव्हा युरोपातील अभ्यासकांना तो नियमाबाहेरचा वाटला आणि ती भावना नावात उतरली. आपल्या भाषेतही हे वळण आहेच. कोणाला बाजूला सारायचे तर आपण त्याला 'डावलतो', पंगतीत पक्षपात झाला तर 'डावे-उजवे केले' म्हणतो आणि जो सरस ठरतो तो 'उजवा' ठरतो. आल्बर्सने दिलेल्या वंशनामाची व्युत्पत्ती मात्र निराळी आहे. ॲम्फी म्हणजे दोन्ही बाजूंनी आणि ड्रोमोस म्हणजे धाव : दोन्ही दिशांनी धावणारा. या वंशाचे खरे वैशिष्ट्य याच नावात आले आहे. त्यातील अनेक जातींत डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही पिळांच्या गोगलगायी एकाच झाडावर सुखाने नांदतात.

३. पीळ कसा ओळखावा

शंखाचे टोक वर आणि मुख आपल्याकडे येईल असा शंख धरावा. मुख उजव्या हाताला आले तर पीळ उजवा, डाव्या हाताला आले तर डावा. शास्त्रात ही रीत जगभर मान्य आहे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. आपल्या देशात 'दक्षिणावर्ती' शंख दुर्मिळ आणि मंगल मानतात. बौद्ध परंपरेतील अष्टमंगल चिन्हांतही उजवीकडे वळणारा शंख आहे. परंपरेत हा शंख टोक खाली आणि निमुळता नळीचा भाग वर असा धरून पाहतात. त्यामुळे परंपरा ज्याला दक्षिणावर्ती म्हणते, तोच शंख प्राणिशास्त्राच्या भाषेत डाव्या पिळाचा ठरतो. वस्तू तीच, तिच्यातले वळणही तेच; हातात धरण्याची रीत बदलली आणि 'उजवे' ते 'डावे' झाले. शुभ-अशुभाची लेबले वस्तूत नसतात, पाहणाऱ्याच्या संकेतात असतात, हे याहून सोप्या उदाहरणाने शिकवता येणार नाही.

४. शरीररचना

शंखाचा प्रत्येक वेढा एका मध्यस्तंभाभोवती फिरत खाली येतो. शेवटचा वेढा सर्वांत मोठा असून त्याच्या मुखाची कड पूर्ण वाढ झालेल्या गोगलगायीत बाहेर वळलेली व जाडसर असते. या कडेवरून प्राणी प्रौढ आहे की नाही, हे कळते.

मुखातून बाहेर येणारा रुंद, स्नायुमय भाग म्हणजे पाय. डोक्यावर शिंगांसारख्या स्पर्शिकांच्या दोन जोड्या असतात; वरच्या लांब जोडीच्या टोकाशी डोळे, तर खालची जोडी वास व स्पर्शासाठी. तोंडात सूक्ष्म दातांच्या असंख्य ओळी असलेली फीत असते. तिला रॅड्युला म्हणतात. तिने अन्न खरवडून घेतले जाते. या गोगलगायीला कल्ले नसतात. शंखाच्या आतील पोकळीचे फुप्फुसात रूपांतर झालेले असते आणि एका लहान श्वासरंध्रातून हवा आत-बाहेर जाते. हृदय फुप्फुसाच्या शेजारी, तर पाचकग्रंथी शंखाच्या वरच्या वेढ्यांत असते.

आता महत्त्वाची गोष्ट. डाव्या-उजव्याचा भेद केवळ शंखापुरता नसतो. उजव्या पिळाच्या प्राण्यात श्वासरंध्र उजव्या बाजूला असते आणि प्रजननाचे द्वार उजव्या स्पर्शिकेच्या मागे असते. डाव्या पिळाच्या प्राण्यात हे सारे डावीकडे. हृदय, फुप्फुस, नलिका, साऱ्यांची मांडणी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी.

गोगलगाय उभयलिंगी असते. नर व मादी या दोन्ही संस्था एकाच शरीरात असतात. शुक्राणू सुटे दिले जात नाहीत. ते एका लांबट आवरणात बांधले जातात आणि हे आवरण जोडीदाराच्या शरीरात ठेवले जाते. हे आवरणही पिळदार असते आणि ते स्वीकारणाऱ्या नलिकेलाही वळण असते. वर्गीकरणकारांना या अंतर्गत अवयवांचे मोल फार आहे. रंग व पट्टे एकाच जातीत इतके बदलतात की केवळ शंखावरून ठरवलेली नावे पुष्कळदा टिकत नाहीत. म्हणून थायलंडच्या चिरासाक सुचरित आणि सोमसाक पान्हा यांनी २००६ मध्ये आपल्या भागातील या वंशाचा फेरआढावा प्रसिद्ध केला.

५. एक जाती की दोन?

एखाद्याच्या हाती फक्त शंख असतील, तर तो डावे एका खणात आणि उजवे दुसऱ्या खणात ठेवून दोन जाती मानेल. त्याची शंका अगदीच निराधार नसेल. बहुतेक गोगलगायींत विरुद्ध पिळाच्या दोघांची प्रजननद्वारे समोरासमोर येत नाहीत आणि मीलन अवघड होते. त्यामुळे जो पीळ विरळ असतो, त्याला जोडीदार मिळत नाही आणि तो पिढ्यांच्या ओघात नाहीसा होतो. क्वचित असा उलटा गट वेगळा पडून नवी जातीही निर्माण होते.

जातीची कसोटी एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडली ती अशी : निसर्गात जे प्राणी परस्परांत प्रजनन करतात, त्यांची जाती एक. दिसणे हा पुरावा दुय्यम. ही कसोटी आपल्या गोगलगायीला लावली मेन्नो स्खिलथाउझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याजवळील कपास या छोट्या बेटावर त्यांनी इन्व्हर्ससचा अभ्यास केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष साऱ्या अपेक्षांच्या उलट होते. डाव्या व उजव्या गोगलगायींमधील जोड्या योगायोगाने जितक्या जुळाव्यात, त्याहून अधिक होत्या. शरीररचना तपासली तेव्हा संभाव्य कारणही दिसले : शुक्राणूंच्या आवरणाचा पीळ आणि स्वीकारणाऱ्या नलिकेचे वळण यांचा मेळ विरुद्ध पिळाच्या जोडीत अधिक चांगला बसतो, त्यामुळे संततीची शक्यता वाढते. म्हणजे येथे भेद मीलनाच्या आड येत नाही. भेदामुळेच मीलन साधते. जो पीळ विरळ होईल, त्याला जोडीदार अधिक मिळतील आणि तो पुन्हा सावरेल.

त्याच वर्षी सुचरित, ताकाहिरो आसामी आणि पान्हा यांनी डीएनएच्या आधारे दाखवले की, या उपवंशात दोन्ही पिळांचे सहजीवन बहुधा दहा लाखांहून अधिक पिढ्या टिकून आहे. दहा वर्षांच्या पाहणीत त्यांना प्रत्येक वस्तीत दोन्ही रूपे एकत्रच आढळली.

६. पिळाचा वारसा

पीळ कोणाकडून येतो? १९२३ मध्ये तळ्यातील गोगलगायींवरील प्रयोगांतून उलगडले की, पिल्लाचा पीळ त्याच्या स्वतःच्या जनुकांवरून नव्हे, तर आईच्या जनुकांवरून ठरतो. अंड्यात आईने ठेवलेली द्रव्ये गर्भाच्या पहिल्या काही विभाजनांतच वळणाची दिशा ठरवून टाकतात. म्हणून डाव्या पिळाच्या आईची सारी पिल्ले उजव्या पिळाची असू शकतात. तेव्हा पीळ पाहून एखाद्या गोगलगायीच्या अंगी कोणता वारसा आहे, हे सांगता येत नाही. जन्माने मिळालेले ठळक चिन्हही कुळाची साक्ष देत नाही!

७. धम्माच्या अंगाने

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण एक वाद घेऊन बुद्धांकडे येतात : मनुष्य जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने? बुद्ध उत्तराचा आरंभ निसर्गापासून करतात. गवत व झाडे, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जातींचे वेगवेगळेपण दाखवणाऱ्या खुणा असतात. माणसांच्या शरीरात मात्र अशा खुणा नाहीत, त्यांच्यातले भेद केवळ व्यवहारातील नावांचे आहेत, असा त्या उपदेशाचा आशय आहे. बाबासाहेबांनीही १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात जात म्हणजे वंशभेद नव्हे, ती एकाच वंशाच्या लोकांची केलेली सामाजिक विभागणी आहे, हे ठामपणे मांडले.

आपली गोगलगाय या विचाराला एक पुरवणी जोडते. तिच्या दोन रूपांत डोळ्यांना दिसणारा, हृदयापर्यंत पोहोचणारा भेद आहे. तरीही शास्त्र त्यांना एकच जाती म्हणते. मग ज्या माणसांत असा कोणताही भेद दाखवता येत नाही, त्यांना जन्मावरून निरनिराळ्या खणांत ठेवण्यास शास्त्राचा आधार कोठून मिळणार? मात्र येथे तोल राखला पाहिजे. समता ही गोगलगायीच्या दाखल्यावर उभी नाही. ती प्रज्ञा आणि मैत्रीवर उभी आहे. निसर्गाचा अभ्यास एवढेच करतो की, विषमतेच्या समर्थनासाठी निसर्गाला साक्षीला बोलावणाऱ्याची साक्ष खोटी ठरवतो.

कृतिपाठ

पावसाळ्यानंतर कुंपणाकडेला आणि झाडांच्या बुंध्याशी गोगलगायींचे रिकामे शंख सापडतात. पहिल्या शीलाचे स्मरण ठेवून जिवंत प्राण्याला हात न लावता मुलांनी फक्त रिकामे शंख गोळा करावेत, साबणाने हात धुवावेत, वर दिलेल्या रीतीने प्रत्येकाचा पीळ पाहावा आणि वहीत नोंद करावी. आपल्या भागात बहुतेक सर्व शंख उजव्या पिळाचे निघतील. एखादा डावा निघालाच, तर त्याला 'उलटा' म्हणण्याची घाई करू नये. तो बाजूला ठेवून त्याची तारीख व जागा लिहावी. अभ्यासाचा आरंभ निवाड्याने नव्हे, नोंदीने होतो.