जहाजाच्या अंगावरची रेषा

इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या काठी, ग्रिनिच येथे 'कटी सार्क' नावाचे शिडाचे जहाज जतन करून ठेवले आहे. 1869 साली बांधलेले हे जहाज चीनहून चहा भरून लंडनला आणीत असे. त्या काळी थेम्सवर शिडाची जहाजे, आगबोटी आणि माल उतरवून घेणारे पडाव यांची एकच दाटी असे. या जहाजांच्या बाबतीत एक गंमत घडे. समुद्रातून नदीत शिरल्यावर, एक पोतेही न चढवता, जहाज थोडे अधिक बुडे! असे का व्हावे?

आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहात. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. समुद्राचे 1 घनमीटर पाणी सुमारे 1025 किलोग्रॅम भरते, गोडे पाणी 1000 किलोग्रॅम. समजा, मालासह जहाज 1025 टनांचे आहे. समुद्रात त्याला 1000 घनमीटर पाणी सारावे लागेल. गोड्या पाण्यात 1025 घनमीटर. म्हणजे अडीच टक्के जास्त. समुद्रात 6 मीटर बुडणारे, सरळ उभ्या बाजूंचे जहाज गोड्या पाण्यात आणखी 15 सेंटिमीटर बुडेल. पात्र उथळ असेल, तर तेवढ्यानेही ते गाळात रुतेल.

हे घरी करून पाहा. परीक्षानळीत थोडी वाळू घालून ती पाण्यात उभी तरंगत ठेवा व पाण्याच्या पातळीशी खूण करा. आता पाण्यात मीठ विरघळवा. खूण पाण्याच्या वर आलेली दिसेल.

अशाच एका खुणेने हजारो खलाशांचे प्राण वाचवले आहेत. 19व्या शतकात काही लोभी मालक मोडकळीस आलेली जहाजे बेसुमार लादीत. विमा उतरवलेला असे. त्यामुळे जहाज बुडाले तरी मालकाला झळ लागत नसे. जीव जाई तो खलाशांचा. पार्लमेंटचे सभासद सॅम्युएल प्लिमसोल यांनी 1873 साली पुस्तक लिहून याविरुद्ध आवाज उठवला. 1876 च्या कायद्याने जहाजावर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. पण ती कोठे काढायची, हे मालकच ठरवी! ही पळवाट 1890 च्या कायद्याने बुजवली. 1930 साली भाररेषेबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला.

आजही मालवाहू जहाजाच्या बाजूवर एक वर्तुळ, त्यातून जाणारी आडवी रेषा आणि शेजारी लहान लहान रेषा दिसतात. 'एस' ही उन्हाळ्यातील समुद्राची मर्यादा. 'डब्ल्यू' ही हिवाळ्याची. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, म्हणून ती खाली. 'एफ' ही गोड्या पाण्याची. ती 'एस'च्या वर. का, ते आता तुम्हीच सांगाल.

कोलकाता हे आपल्याकडील हुगळी नदीवरचे बंदर. समजा, तेथे गोड्या पाण्यात एक जहाज 'एफ' रेषेपर्यंत भरले. ते बंगालच्या उपसागरात पोचल्यावर पाणी कोणत्या रेषेशी येईल? वहीत आकृती काढून उत्तर शोधा.