डॉ. सुभाष मुखोपाध्याय : संप्रेरकशास्त्राचे उपेक्षित उपासक

शरीराबाहेर फलित झालेल्या स्त्रीबीजापासून जन्मलेले जगातील पहिले मूल, लुईस ब्राऊन, इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मास आले. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात अशाच प्रकारे एक कन्या जन्मली. तिला ‘दुर्गा’ या नावाने ओळखले गेले. मात्र तिच्या जन्मामागील संशोधनास मान्यता मिळण्यास जवळजवळ दोन दशके लागली. ते संशोधन डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे होते.

संप्रेरकांचा अभ्यास

डॉ. मुखोपाध्याय यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. १९५५ साली त्यांनी कोलकात्यात वैद्यकीय पदवी घेतली. १९५८ साली कलकत्ता विद्यापीठातून प्रजननविषयक शरीरक्रियाशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. एवढ्यावर समाधान न मानता ते एडिंबरोला गेले आणि डॉ. जॉन लोरेन यांच्या मार्गदर्शनाखाली १९६७ साली प्रजनन-संप्रेरकशास्त्रातील दुसरी डॉक्टरेट त्यांनी संपादन केली.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आकाराने वाटाण्याएवढी असते. परंतु तिच्यातून स्रवणारी दोन संप्रेरके अंडाशयाचे कार्य नियंत्रित करतात. एकामुळे अंडाशयात बीजाची वाढ होते, तर दुसऱ्यामुळे पक्व बीज बाहेर पडते. शरीरात त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. ते अचूक मोजता आले नाही, तर वंध्यत्वावरील उपचार म्हणजे अंधारातील चाचपडणेच ठरते. या मापनाच्या सूक्ष्म पद्धती हा मुखोपाध्याय यांच्या एडिंबरोतील अभ्यासाचा विषय होता. मायदेशी परतल्यावर पश्चिम बंगालमधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन करीत त्यांनी संशोधन चालू ठेवले.

प्रयोगामागील विचार

दुर्गाच्या आईच्या बीजवाहिन्यांत दोष असल्याने नैसर्गिक गर्भधारणा शक्य नव्हती. इंग्लंडमध्ये एडवर्ड्स व स्टेप्टो यांनी नैसर्गिक मासिक चक्रात तयार झालेले एकच बीज वापरले होते. मुखोपाध्याय यांनी निराळा मार्ग निवडला. ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रापासून मिळविलेली संप्रेरके देऊन त्यांनी एकाच चक्रात अनेक बीजे पक्व करून घेतली. मात्र अशा चक्रात गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यास पुरेसे अनुकूल राहत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून फलित झालेले आठपेशीय भ्रूण त्यांनी ५३ दिवस गोठवून ठेवले आणि नंतरच्या नैसर्गिक चक्रात गर्भाशयात सोडले. या कार्यात शीतकरणतज्ज्ञ सुनीत मुखर्जी व स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य यांचे त्यांना साहाय्य लाभले.

आज संप्रेरकांनी अनेक बीजे पक्व करणे आणि भ्रूण गोठविणे या दोन्ही गोष्टी जगभर नित्याच्या झाल्या आहेत. परदेशात गोठविलेल्या भ्रूणापासून पहिले मूल ऑस्ट्रेलियात १९८४ साली जन्मले, यावरून मुखोपाध्याय काळाच्या किती पुढे होते, हे ध्यानी येते.

परीक्षकच अनभिज्ञ

नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या दाव्याच्या तपासणीसाठी समिती नेमली. समितीचे अध्यक्षपद रेडिओ-भौतिकीच्या तज्ज्ञाकडे होते. शरीराबाहेरील फलनाचा प्रत्यक्ष अनुभव असणारा कोणीही तीत नव्हता. दुसरीकडे, समाज काय म्हणेल या भीतीने दुर्गाचे कुटुंबीय पुढे येण्यास तयार नव्हते. समितीने दावा अमान्य केला. पुढे जपानमधील परिसंवादास जाण्याची परवानगीही त्यांना नाकारण्यात आली. १९८१ साली तर त्यांची बदली नेत्रविकार संस्थेत करण्यात आली. आयुष्यभर संप्रेरकांचा अभ्यास केलेल्या या संशोधकाने १९ जून १९८१ रोजी आपली जीवनयात्रा संपविली.

सत्याची नोंद

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या या यशाची नोंद ‘भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ अशी झाली. त्यानंतर १९९७ साली डॉ. आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांची टिपणे बारकाईने तपासली. त्यांची खात्री पटली आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांना दिला. जो मान स्वतःच्या नावे रूढ झाला होता, तो त्यांनी आपण होऊन दुसऱ्यास अर्पण केला. २००३ साली, पंचविसाव्या वाढदिवशी, दुर्गाही आपली ओळख देत जाहीरपणे पुढे आली.

या जीवनकथेतून अनेक बोध मिळतात. नव्या ज्ञानाची परीक्षा कसून व्हावी, परंतु ती त्या विषयाच्या जाणकारांकडून व्हावी, ही जबाबदारी प्रशासनाची आहे. प्रयोगाची प्रत्येक नोंद जपून ठेवावी, हा संस्कार शिक्षकांनी विद्यार्थ्यांवर करावयाचा आहे. मूल न होणे हा स्त्रीचा दोष वा दैवाचा कोप नसून पती-पत्नी दोघांच्याही तपासणीचा व उपचाराचा विषय आहे, हे गावोगावी पटवून देण्याचे काम पंचायत सदस्य करू शकतात. १९७८ साली एका कुटुंबाला लोकनिंदेची भीती वाटली, म्हणून सत्याचा एक साक्षीदार मूक राहिला. अशी भीती यापुढे कोणत्याही घराला वाटू नये, ही डॉ. मुखोपाध्याय यांना खरी आदरांजली ठरेल.