हरित वचन आणि कोळशाचे जहाज



वचन देणे आणि वचन पाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला शब्द पुरतात. दुसरीला पैसा, वेळ आणि चिकाटी लागते. राष्ट्रांच्या बाबतीतही हे किती खरे आहे, ते आज दक्षिण आफ्रिकेच्या उदाहरणावरून समजून घेऊ या.

या देशाची ८० टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून बनते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी त्याला ८.५ अब्ज डॉलर देऊ केले. कोळसा सोडायचा, पण खाणकामगाराला वाऱ्यावर सोडायचे नाही. म्हणून योजनेच्या नावातच ‘न्याय्य’ हा शब्द घातला गेला.

वर्षभराने तपशील हाती आला. त्यात अनुदान होते केवळ ४ टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतेक कर्जे आणि कर्जहमी. सवलतीचे असले तरी कर्ज फेडावेच लागते.

दरम्यान रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. ऑगस्ट २०२२ पासून युरोपीय संघाने रशियन कोळसा बंद केला. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या रिचर्ड्स बे बंदरातून युरोपला जाणारा कोळसा कित्येक पटींनी वाढला. ‘कोळसा सोडा’ सांगणाराच गिऱ्हाईक झाला! त्याच ऑक्टोबरमध्ये कोमाटी वीजकेंद्राचा शेवटचा संच बंद झाला. पर्यायी रोजगार मात्र तोवर उभे राहिले नव्हते. पुढे मार्च २०२५ मध्ये अमेरिका करारातूनच बाहेर पडली.

युरोपची अडचण खोटी नव्हती. दक्षिण आफ्रिकेनेही भारनियमनामुळे काही जुनी केंद्रे बंद करणे लांबणीवर टाकले. आपला भारतही तिच्या कोळशाचा मोठा ग्राहक आहे. परंतु अडचणीत नियमाला अपवाद करण्याची मुभा श्रीमंताला असेल आणि गरिबाला नसेल, तर तो नियम राहत नाही, ती केवळ सत्ता ठरते.

म्हणून हरित कराराची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. पैसा दान आहे की कर्ज? तो कोणत्या तारखेला मिळणार? आणि ज्याची नोकरी जाणार, त्याला कोणी विचारले का? या तिन्हींची उत्तरे नसतील, तर ते वचन नव्हे, नुसती इच्छा आहे.