शीर्षक नसलेले शिल्प

स्थळवर्णन लिहिताना नीट पाहण्याआधीच अर्थ सांगण्याचा मोह होतो. शिकागोच्या मध्यवर्ती भागातील डेली प्लाझा या चौकात त्या मोहाला थारा मिळत नाही. तेथील सुमारे ५० फूट उंचीच्या पोलादी शिल्पाला पिकासोने शीर्षकच दिले नाही. १५ ऑगस्ट १९६७ रोजी त्याचे अनावरण झाले, तेव्हा कोणाला त्यात स्त्रीमुख दिसले, कोणाला पक्षी, कोणाला माकड. टवाळीही पुष्कळ झाली. पिकासोने मात्र मानधन नाकारून ही कृती शहराला भेट दिली होती. शिल्प आणि मागील न्यायालयाची इमारत एकाच तांबूस-तपकिरी पोलादाची आहे, हे निरखून पाहणाऱ्याच्याच लक्षात येते. शिल्पाच्या उतरत्या तळावर मुले घसरगुंडी खेळतात. वर्णनात ही घसरगुंडी आधी यावी, ‘आधुनिकता’ हा शब्द नंतर. किंबहुना तो आला नाही तरी चालेल.