शौर्यपदकाचा मान

सैन्यात कनिष्ठाने वरिष्ठास सलाम करावा व वरिष्ठाने तो स्वीकारून परत करावा, असा शिरस्ता आहे. शौर्याचा मान मात्र हुद्द्यावर अवलंबून नसतो. २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेले परमवीरचक्र शिपायास व अधिकाऱ्यास सारखेच दिले जाते. दिल्लीतील प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात त्याचे हयात मानकरी, हुद्दा लहान असला तरी, पायी चालणाऱ्या तुकड्यांच्या आधी वाहनातून जातात व राष्ट्रपतींस मानवंदना देतात.

एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे, स्वतः जखमी असूनही, दूर करणारे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांस हे पदक मिळाले. त्यामुळेच रणगाडे पुढे जाऊ शकले.

शिक्षकांनी मुलांस केवळ सलाम शिकवून थांबू नये. मान कोणत्या कृत्याचा, हे आधी सांगावे. गावी पदकधारक माजी सैनिक असल्यास ध्वजवंदनास त्यांना पहिल्या रांगेत सन्मानाने बसवावे. युद्धकथेसाठी मात्र आग्रह धरू नये. त्या आठवणींत गमावलेले सोबतीही असतात.

प्रश्न : सलाम व्यक्तीस असतो की कर्तव्यास?